चार जाड तारांच्या साळवे सिस्टर

साळवे सिस्टर वर्षातून एकदा आपल्या नवऱ्याला तार पाठवायच्या. पोस्टाची नव्हे, बेस गिटारची. वर्षभर वाजवून मेलेल्या चार तारांपैकी सगळ्यात जाड तार वेटोळं करून पाकिटात घालायच्या, वर राहुरीकडचा पत्ता लिहायच्या आणि मंचरच्या पोस्टात स्वतः टाकून यायच्या. आत चिठ्ठीचपाटी काही नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्या माणसानं रागाच्या भरात पक्कड घेऊन त्यांच्या गिटारच्या चारही तारा तोडल्या होत्या. सिस्टर त्याच दिवशी गिटार आणि दोन साड्या घेऊन घराबाहेर पडल्या, त्या परत गेल्या नाहीत.

"त्याला वाटलं, तारा तोडल्या म्हंजी वाजायचं थांबलं," त्या म्हणायच्या. "म्हणून दरसाल एक धाडते. बघ म्हणावं, अजून चालू हाय."

"त्याला मिळते तरी का?" मी एकदा विचारलं.

"परत येत नाय, म्हंजी मिळतीच की."

सिस्टर नगरच्या. पुरं नाव एस्तेर साळवे. चर्चमध्ये भावंडांबरोबर वाजवायला शिकलेल्या. बोटीवर नोकरी करणाऱ्या थोरल्या भावानं कुठल्याशा बंदरातून जुना जपानी बेस आणला होता. तो पुढं मस्कतला गेला आणि गिटार बहिणीकडं राहिली. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्या आमच्या भागात बदलून आल्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. काळ्यासावळ्या, काटक, चापून बांधलेला अंबाडा, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. ती सवय भल्याभल्यांना सोसायची नाही.

तेव्हा मी मंचरला एका खताच्या दुकानात कामाला होतो आणि रविवारी ड्रम वाजवायचो. 'स्वरशिवार' हा आमचा हौशी ऑर्केस्ट्रा. त्याचे मालक, गायक आणि कीबोर्डवाले अशोकशेठ. घरची जमीन, द्राक्षाची बाग, गोड गळा, आणि नव्या माणसालाही दोन मिनिटांत आपलंसं करणारं हसू. लीड गिटारला दिलीप, म्हणजे आमचा दिल्या. त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. तालीम अशोकशेठच्या मळ्यातल्या रिकाम्या कांदाचाळीत व्हायची. बेस वाजवणारं कुणी नव्हतं. अशोकशेठ कीबोर्डवर डाव्या हातानं जे दाबायचे तोच आमचा बेस.

अशोकशेठच्या आईला घरी इंजेक्शन द्यायला सिस्टर यायच्या. एका रविवारी इंजेक्शन देऊन झाल्यावर त्या चाळीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही गाणं संपवलं. कौतुक करतील म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"तुमच्या गाण्याला पाय नाय," त्या म्हणाल्या.

"म्हंजी काय वो सिस्टर?" अशोकशेठ हसत म्हणाले.

"वर लई गडबड चाललीय. खाली कोण उभंच नाय. पुढच्या रविवारी येते मी."

आणि खरोखरच आल्या. मोपेडवर पुढं पायाशी दवाखान्याची पिशवी, पाठीला उभी बांधलेली गिटार. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पायानं वाजणाऱ्या ड्रमखाली कुणीतरी आवाजाची सतरंजी अंथरली. मी इतकी वर्षं नुसता बडवत होतो आणि आता वाजवतोय, असं वाटलं. दिल्यासुद्धा गप्प झाला, आणि दिल्या गप्प होणं ही मोठी गोष्ट होती.

सिस्टरचा आवाज म्हणजे बेसचा आवाज, त्याला त्या टोन म्हणायच्या. तो टोन गोल होता. चकाकी बिलकुल नाही. चपट्या गुळगुळीत तारा लावायच्या, त्या पुण्याहून मागवाव्या लागायच्या. गिटारच्या खालच्या टोकाला तारांखाली स्पंजाचा तुकडा कोंबलेला. ट्रेबलचं, म्हणजे तीक्ष्ण आवाजाचं बटण पूर्ण बंद, आणि कुणी उघडू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी. वाजवायचं अंगठ्यानं, तेही तारेला नुसतं टेकवून सोडल्यासारखं. दिल्याची आवड याच्या बरोबर उलटी. त्याला सगळं खणखणीत पाहिजे, काचेचा ग्लास फुटल्यागत. मुंबईच्या कुणा पोराला बोटांनी तारा उपटून टणाटण वाजवताना त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं, आणि सिस्टरनीही तसंच वाजवावं म्हणून तो मागं लागायचा.

"सिस्टर, जरा ट्रेबल उघडा की राव. गादी झोडपल्यागत ढब ढब येतंय."

"तुला कानात ऐकायचंय, मला पोटात. दोघांचं दुकान येगळं हाय."

एका तालमीला सिस्टरना उशीर झाला. गिटार आदल्या रविवारपासून चाळीतच होती. दिल्यानं कुठंतरी ऐकलं होतं की जुन्या तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या वाजतात. त्यानं चारही तारा काढल्या, चहाच्या पातेल्यात खळाखळा उकळल्या, पुसून परत चढवल्या, आणि स्पंजही फेकून दिला. सिस्टर आल्या. पहिलाच सूर छेडला आणि थांबल्या. मग तशीच तालीम पुरी केली. दिल्या मला कोपरानं ढोसत होता, "आवडलं बघ."

पुढच्याच महिन्यात दिल्याच्या पायात गंजका खिळा घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला मीच त्याला दवाखान्यात नेला. समोर साळवे सिस्टर. त्यांनी त्याला पालथा निजवला आणि ट्रेमधल्या सुया एकेक उचलून उजेडात बघायला लागल्या. एक ठेवायच्या, दुसरी घ्यायच्या. दिल्याला घाम फुटला.

"सिस्टर, उरका की वो."

"घाई नको. सुई चांगली उकळलेली हाय, दिलीप. उकळलं की लई खणखणीत व्हतं, नाय का?"

इंजेक्शन त्यांनी नेहमीच्याच हलक्या हातानं दिलं. पण त्यानंतर दिल्यानं त्यांच्या गिटारला कधी बोट लावलं नाही. वर्षभरानं त्यानं स्वतःच्या गिटारचा ट्रेबलही निम्मा बंद केला, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

राग धरायचा आणि तो वाया घालवायचा नाही, हा सिस्टरचा स्वभाव होता. बेल्ह्याच्या कार्यक्रमात तिथल्या स्पीकरवाल्यानं त्यांना विचारलं, "बाई, तुमी गाणार का नाचणार?" आणि त्यांची वायर जोडून आवाज मात्र बंदच ठेवला. त्या रात्रभर मुकाट वाजवत राहिल्या. पुढच्या खेपेला बेल्ह्याला जाताना सुताराकडून बनवून घेतलेलं स्वतःचं खोकं टेम्पोत टाकलं. जाड प्लायवूड, आत पंधरा इंची स्पीकर, उचलायला दोन माणसं. तोच स्पीकरवाला होता. सिस्टरनी आवाज तपासायच्या निमित्तानं एकेक सूर वाजवून पाहिला. एका सुराला त्याच्या टेबलावरचा पत्र्याचा डबा थरथरला. मग काय, जिथं जिथं गाण्यात तो सूर येईल तिथं त्या जरा जास्त वेळ बसायच्या. तो बिचारा कार्यक्रमभर टेबलाखाली वाकून कुठला स्क्रू ढिला झालाय ते शोधत होता. परतीच्या वाटेवर टेम्पोत सिस्टर स्वतःशीच हसल्या. त्यांना असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

हे सगळं गमतीचं. अशोकशेठबरोबर घडलं ते गमतीचं नव्हतं.

त्या काळी कॅसेटचा जमाना होता. गावोगावच्या देवांच्या गाण्यांच्या कॅसेटी निघायच्या आणि जत्रेत खपायच्या. अशोकशेठच्या मनात आलं, आपणही एक काढू. गाणी त्यांनी स्वतः बांधली. सिस्टरनी सगळा हिवाळा त्या गाण्यांच्या बेसवर घालवला. दवाखान्यातून सुटल्या की चाळीत येऊन एकट्या बसायच्या. मुख्य गाण्याची सुरुवात तर नुसत्या बेसवर होती. बाकी सगळे गप्प, चार जाड तारांवर एक चाल फिरून फिरून यायची, तिच्यावरून अशोकशेठ सूर उचलायचे आणि मग आम्ही सगळे शिरायचो. ही कल्पना सिस्टरची. अशोकशेठ तालमी टेपवर भरून घ्यायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, तुमी नसता तर ह्ये गाणं उभंच राहिलं नसतं."

पुण्याच्या स्टुडिओतलं रेकॉर्डिंग पुढं ढकललं, असा एक दिवस निरोप आला. आम्ही वाट पाहत राहिलो.

मग एका दुपारी मी आणि सिस्टर मंचरच्या एसटी स्टँडसमोर चहा पीत होतो. शेजारच्या कॅसेटच्या दुकानात नवी कॅसेट लागली. आधी नुसता बेस. ती चाल फिरून आली आणि अशोकशेठचा आवाज सुरू झाला. सिस्टरचा कप हातातच राहिला. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. चाल तीच होती, जागान् जागा तीच होती, फक्त बोटं दुसऱ्याची होती. पुण्याचा कुणी वादक तालमीची टेप ऐकून वाजवून गेला होता. माझ्या ड्रमच्या जागीही मशीनचा ठेका होता. दुकानात जाऊन आम्ही वेष्टण पाहिलं. अशोकशेठचा फेटा बांधलेला फोटो, खाली वादकांची नावं. बेसपुढं त्या पुणेकराचं नाव. 'बेस रचना' असं काही छापायची पद्धत नव्हतीच, पण आभारातही साळवे हे नाव नव्हतं.

मला वाईट वाटलं आणि दोन दिवसांत मी ते विसरूनही गेलो. हौशी माणूस मी, मला काय.

सिस्टर मात्र सरळ मळ्यात गेल्या. मी मागोमाग गेलो, भांडण होईल म्हणून. अशोकशेठ बागेत होते. त्यांनी नेहमीचं हसू काढलं.

"सिस्टर, समजून घ्या. पैसे लावणारे म्हणाले, देवाच्या गाण्यात बाई गिटार घेऊन... लोक तमाशा समजतील. त्यात तुमचं आडनाव, तुमचा धर्म. उगं चर्चा व्हती."

"वाजवलेलं चाललं. नाव नाय चाललं."

"आवो, बेसचं एवढं काय घेऊन बसलाय? बेस कोण ऐकतंय गाण्यात? लोक गळा ऐकत्यात."

सिस्टरनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाल्या, "बरं शेठ. रविवारी तालीम हाय ना?"

आणि रविवारी त्या आल्या. त्यानंतरचा प्रत्येक रविवार आल्या. पूर्वीपेक्षा वेळेवर, पूर्वीपेक्षा गोड. अशोकशेठना वाटलं, मिटलं. मलाही तसंच वाटलं. फक्त एक गोष्ट मला खटकायची. त्या आता अशोकशेठच्या गळ्याचा अभ्यास करत होत्या. ते कुठं दम घेतात, कुठल्या सुराला मान वर करतात, कुठं डोळे मिटतात, सगळं बारकाईनं बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "संपतभाऊ, शेठचा वरचा सूर पातळ हाय. काळी दोनच्या वर गेलं की फाटतोय." मी म्हटलं, असेल.

कॅसेट बरी खपली. दुसऱ्या वर्षी महाळुंगे पडवळला जत्रेचा कार्यक्रम ठरला आणि पुण्याच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस अशोकशेठना समोर बसून ऐकायला येणार, असं कळलं. पसंत पडलं तर पुढच्या कॅसेटी कंपनी काढणार. शेठनी नवा सदरा शिवला, आम्हा सगळ्यांना सारखे शर्ट घेतले. सगळी भावकी, सगळं गाव लोटलं होतं. दिवस मावळायच्या सुमाराला कार्यक्रम सुरू झाला. पुण्याचा पाहुणा पुढच्या खुर्चीत, मांडीवर बॅग. पहिली दोन-तीन गाणी झकास झाली. मग ते गाणं.

सिस्टरनी चाल सुरू केली. मी काठ्या घेऊन तयार होतो. मला सुरातलं काही कळत नाही, पण त्यांचा हात रोजच्या जागेवर नव्हता एवढं मला दिसलं. गिटारच्या मानेवर त्या तीन पडदे वर सरकल्या होत्या. काळी दोनचं गाणं त्यांनी वरच्या पट्टीत, काळी तीनवर धरलं होतं, हे दिल्यानं मला नंतर सांगितलं. अशोकशेठनी डोळे मिटले, त्या चालीवरून सूर उचलला आणि गायला लागले. मुखडा गेला. लोकांनी टाळ्या दिल्या. मग शेठची बोटं कीबोर्डवर सवयीनं काळी दोनला पडली, दिल्याची गिटारही तिथंच शिरली, आणि मांडवात असा काही कालवा उठला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

अशोकशेठनी डोळे उघडले. गळा एकीकडं, हात दुसरीकडं. त्यांनी कीबोर्डची पट्टी बदलायचं बटण दाबलं, ते घाईत भलतंच दाबलं गेलं. दिल्या वाजवायचा थांबला. मी थांबू का नको करत ठेका देत राहिलो. सिस्टर मात्र शांतपणे, एकसारख्या वाजवत होत्या, ओल्या जमिनीवर पाय रोवून उभ्या राहिल्यासारख्या. शेठना त्यांच्यामागं जाण्याशिवाय गती नव्हती. अंतरा आला. तो वरचा सूर आला. शेठनी मान वर केली आणि आवाज फाटला. परत घेतला, परत फाटला. मागच्या पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. एकजण ओरडला, "कॅसेट लावा, कॅसेट!"

पुण्याच्या पाहुण्यानं सरपंचांनी दिलेला चहा उभ्यानं घेतला आणि बॅग उचलून गाडीकडं गेला.

स्टेजमागं अशोकशेठ ओरडत होते. "ह्या बाईनं घात केला! हिनं सूर बदलला!" सरपंच आणि कमिटीवाले समजूत काढत होते. कमिटीतला एकजण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "कसला सूर म्हणतोय ह्यो? त्या बाईकडं तर कुणाचा कान बी नव्हता." सिस्टर गिटारला कापड गुंडाळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "शेठ, बेस कोण ऐकतंय गाण्यात?"

शेठनी हात उचलला. दिल्या मध्ये पडला.

परतताना मी सिस्टरना टाळून ड्रायव्हरशेजारी बसलो. माझाही ऑर्केस्ट्रा त्या संध्याकाळी मेला होता. मंचरला उतरताना त्याच म्हणाल्या, "तुमचं बी नुकसान झालं, संपतभाऊ. दिलीपचं बी. त्याचं मला खरंच वाईट वाटतंय. पण उद्या परत तसंच करायची येळ आली तर मी करीन."

अशोकशेठही गप्प बसणारे नव्हते. त्यांची वरपर्यंत ओळख होती. दोन महिन्यांत सिस्टरची बदली झाली, घोडेगावच्या पुढं, डिंभ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका उपकेंद्रात. दिवसातून एक एसटी, तीही पावसाळ्यात येईल याचा भरवसा नाही. मी आणि दिल्या त्यांचं ते जड खोकं टेम्पोतून पोचवायला गेलो. भाताची खाचरं, नाचणीची उतारावरची वावरं, आणि एका खोलीत सिस्टर. वीज असली तर असली. खोक्यावर त्यांनी औषधांचे डबे मांडून ठेवले.

पण वाजवणं थांबलं नाही. वीज नसताना गिटारचं लाकूड हनुवटीला टेकवून वाजवायच्या. "हाडातनं ऐकू येतंय," म्हणायच्या. तिथल्या बायका दारात बसून हे बघत राहायच्या. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई चांगली हाय, सुई दुखत नाय. फक्त संध्याकाळी त्या लाकडासंगं बोलत बसती."

मी वर्षातून एखादी खेप करायचो. जेवणं झाली की त्या विचारायच्या, "अशोकशेठचं काय चाललंय?" आपण पाऊसपाण्याचं विचारतो तसं. वाईट काही ऐकायला मिळावं अशी त्यांची इच्छा असायची आणि ती त्या लपवायच्याही नाहीत. एकदा मी सांगितलं, शेठची बाग गारांनी झोडपली, सगळा माल गेला. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी मान हलवली.

"ते माझ्यात धरायचं नाय. गारा मी पाडल्या नाय."

"आता सोडून द्या ना सिस्टर. इतकं मनात ठेवून जगायचं म्हणजे त्रासच."

"त्रास कुणाला? मला झोप चांगली लागती. सोडून द्यायला सांगत्यात ते सगळे ज्यांचं काय गेलं नाय ते." मग म्हणाल्या, "बदली केली म्हणून मला राग नाय. त्यानं मारलं, मी मारलं, त्यानं परत मारलं. चालायचंच. पण ते नाव. ते अजून तसंच हाय."

दोन हजार साल उलटलं. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंती उभ्या राहायला लागल्या. सिस्टर त्याच सुमाराला परत खाली, अवसरीजवळ बदलून आल्या. केस पिकले होते. डीजे बघून म्हणाल्या, "आता बेसच बेस हाय. निसती छाती बडवतोय, सूर कुठंय?" अशोकशेठनी गाणं कमी केलं होतं, पण नव्यानं ऑर्केस्ट्रा उभा करायचं त्यांच्या मनात होतं, मुलीला बरोबर घेऊन.

ती मुलगी, केतकी, काही वर्षांनी एके दिवशी माझ्या दुकानात आली; तोवर मी स्वतःचं खताचं दुकान टाकलं होतं. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. चाळीत तालीम चालायची तेव्हा ही लहानशी पोर कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांवर बसून असायची.

"संपतकाका, साळवे सिस्टर कुठं असतात? आमच्या बँडला बेस वाजवणारं कुणी नाही. मला शिकायचंय."

"पप्पांना विचारलंस?"

"त्यांना सांगितलं तर ते कीबोर्डच शिक म्हणतील."

मी नाही म्हणायला हवं होतं की काय, ठाऊक नाही. तिला घेऊन गेलो. सिस्टरनी तिचा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट पाहिली.

"कुणाची गं तू?"

"अशोकशेठची."

सिस्टरनी तिचा हात सोडला. आत जाऊन पाणी आणलं. तिला पाणी देऊन म्हणाल्या, "रविवारी ये."

मुलगी बाहेर गेल्यावर मी हात जोडले. "सिस्टर, पोरीनं तुमचं काय बिघडवलंय? तिला ह्यात घेऊ नका."

"मी कुठं म्हणले तिनं बिघडवलंय? शिकायला आली, शिकवते."

आणि त्यांनी शिकवलं. असं शिकवताना मी कुणाला पाहिलं नाही. पहिले काही महिने एकच तार. बोटांना फोड आले तर स्वतः औषध लावायच्या आणि परत बसवायच्या. जुनी गाणी लावून तिचा तळवा स्पीकरवर ठेवायला लावायच्या. चूक झाली तर ओरडायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. ते ओरडण्यापेक्षा वाईट. पोरगी कधी रडत घरी जायची आणि पुढच्या रविवारी परत यायची.  मला मात्र महाळुंग्याचा तो मांडव आठवायचा.

कॉलेजचं गॅदरिंग आलं. मोकळ्या मैदानात स्टेज, दुपार कलतीला लागलेली. केतकीनं वडिलांना बोलावलं होतं; काय वाजवणार ते सांगितलं नव्हतं. अशोकशेठ पहिल्या रांगेत होते. सिस्टर मागं, एका कडुनिंबाखाली, माझ्याशेजारी. केतकी स्टेजवर आली ती सिस्टरचा तपकिरी जपानी बेस गळ्यात घालून.

मी सिस्टरकडं पाहिलं. त्या मुलीकडं बघतच नव्हत्या. अशोकशेठच्या पाठीकडं बघत होत्या.

बँडनं गाणं धरलं. पोरं धांगडधिंगा करत होती, पण त्या सगळ्या आवाजाखाली केतकी उभी होती. तो गोल, दबलेला, पोटात उतरणारा टोन. अंगठा तसाच टेकवून सोडलेला. पहिल्या काही मात्रांतच अशोकशेठची पाठ ताठ झाली. त्यांनी मान वळवली आणि गर्दीत शोधायला लागले. कडुनिंबाखाली त्यांची नजर थांबली.

गाणं संपल्यावर सूत्रसंचालकानं केतकीपुढं माईक धरला. ती धापा टाकत होती.

"मला हे साळवे सिस्टरनी शिकवलं," ती म्हणाली. "माझ्या पप्पांच्या कॅसेटमधला बेससुद्धा सिस्टरचाच होता. त्यावर त्यांचं नाव राहून गेलं होतं. ते मी आज सांगते. एस्तेर साळवे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या, वाजवायच्या म्हणून. त्यांना त्याचा अर्थ कळला नसेल. अशोकशेठ उठून सरळ आमच्याकडं आले. केस पांढरे झालेले, चेहरा उतरलेला. ते हसू कुठं दिसत नव्हतं.

"माझ्या पोरीला कशाला मधी वढलं, सिस्टर?"

"ती आली. मी बोलावलं नाय."

"तिला सगळं सांगितलं तुमी."

"आज सकाळी सांगितलं. तुमी काय केलं ते बी, आणि महाळुंग्याला मी काय केलं ते बी. एक शब्द इकडचा तिकडं नाय. माईकवर काय बोलायचं ते तिचं तिनं ठरवलं."

अशोकशेठचा आवाज खाली आला. "सकाळी घरी आली तवा माझ्याकडं बघतच नव्हती. मला कळंना काय झालं." मग त्यांनी खरोखरच हात जोडले. "चुकलं माझं. लई वर्सं झाली. आता तरी माफ करा."

मला वाटलं, आता मिटेल. इतकं सगळं झाल्यावर कुणीही विरघळलं असतं. सिस्टरनी त्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं, मग सरळ त्यांच्या डोळ्यांत.

"नाय, शेठ. माफ केलं असतं ना, तर पोरीला एवढं शिकवलं नसतं. आता ती रोज तुमच्या घरात वाजवंल. तुमी ऐकायचं."

केतकी गिटार घेऊन धावत आली. सिस्टरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या कडव्यात घाई झाली एवढंच सांगितलं, आणि गिटार तिच्या गळ्यातून काढून घेतली.

"सिस्टर, एक महिना ठेवू का माझ्याकडं?"

"ह्यो माझा हाय. बापाला सांग, नवा घेऊन दील."

फाटकाबाहेर हायवेकडं जाणारी वडापची जीप भरत होती. सिस्टर मधल्या सीटवर बसल्या, गिटार गुडघ्यांत उभी धरून. ड्रायव्हर टपावर टाकू म्हणाला, त्यांनी नुसतं बघितलं, तो गप्प पुढं जाऊन बसला. त्या दिवशी मला त्या शेवटच्या दिसल्या; लवकरच त्या निवृत्त होऊन नगरला दुसऱ्या भावाच्या घरी गेल्या. जीप सुरू झाली तेव्हा त्यांनी तारा खडखडू नयेत म्हणून तळवा चारी तारांवर दाबून धरला होता. मागं वळून पाहिलं नाही.

अशोकशेठ माझ्याशेजारी फाटकात उभे होते. केतकी दूर मैत्रिणींत जाऊन उभी राहिली होती, बापाकडं पाठ करून. जीप वळणावर पोचली तसे शेठ माझ्याजवळ सरकले. मग घसा खाकरून, माझ्याकडं न बघता, हळूच म्हणाले,

"संपत, पोरीसाठी चांगला बेस कुठला घ्यावा रं?"

"ते सिस्टरना विचारावं लागंल, शेठ."

त्यांनी मान हलवली, आणि रिकाम्या रस्त्याकडं बघत तिथंच उभे राहिले.